जे. जे. वॉट : सुपर बाउल न खेळलेला ह्यूस्टनचा ९९ नंबर

केटीकर

इथे क्रिकेट, टेनिस, कबड्डी सगळ्यावर धागे निघतात, अमेरिकन फुटबॉलवर मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच सुरुवात करावी. विषय आहे जे. जे. वॉट. ह्यूस्टन टेक्सन्सचा डिफेन्सिव्ह एंड, जर्सी नंबर ९९. २०११ ते २०२२ अशी बारा वर्षं एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) खेळला, त्यातली पहिली दहा ह्यूस्टनला आणि शेवटची दोन अ‍ॅरिझोना कार्डिनल्सकडे. १५१ मॅचेस, ११४.५ सॅक, आणि 'सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू' हा किताब तीन वेळा, २०१२, २०१४ आणि २०१५.

पण सुपर बाउल, म्हणजे लीगची अंतिम मॅच, एकही नाही. जिंकणं सोडा, खेळलासुद्धा नाही. त्याच्या आधीचा टप्पा असतो कॉन्फरन्स फायनल, तिथपर्यंतही त्याची टीम कधी पोचली नाही. आमच्या ऑफिसात काही जण म्हणतात की अंगठी नाही तर कसला महान (सुपर बाउल जिंकणाऱ्यांना अंगठी मिळते). मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते ह्यूस्टन शहराला मिळालेला हा सगळ्यात मोठा खेळाडू आहे आणि मी हे फक्त सॅक मोजून म्हणत नाहीये. तुमचं काय मत?

दादरकर

वाचतोय. पण आधी आम्हा अडाण्यांना जरा सांगा की डिफेन्सिव्ह एंड म्हणजे नक्की काय करतो आणि सॅक म्हणजे काय. आणि ११४.५ मधला अर्धा कुठून आला?

खोडकर_बाळू

९९ वर नाबाद, बारा वर्षं, आणि तरी शतक लागलं नाही? अंपायरकडे चौकशी करा कोणीतरी 😀

केटीकर

@दादरकर, सोप्यात सांगतो. दोन्हीकडे अकरा-अकरा जण. ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. बॉल सुरुवातीला येतो क्वार्टरबॅककडे, तो एकतर फेकतो नाहीतर दुसऱ्याच्या हातात देतो. त्याच्यापुढे पाच दांडगे लोक भिंत करून उभे असतात, सगळे १४० किलोच्या आसपासचे. डिफेन्सिव्ह एंडचं काम म्हणजे ती भिंत फोडून आत घुसायचं आणि क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आधी मागच्या मागे पाडायचं. पाडलं की झाला सॅक. दोघांनी मिळून पाडला तर अर्धा-अर्धा वाटून मिळतो. साधारण तीन सेकंदांचा खेळ असतो हा, त्याच्या आत पोचलात तर पोचलात, नाहीतर बॉल गेला.

कबड्डी बघणाऱ्यांना पटकन कळेल, रेडर दमात असताना कोपऱ्यातला जसा टपून बसतो आणि घोटा धरतो तसंच काहीसं. फक्त इथे घोट्यापर्यंत पोचायच्या आधी दोन पहिलवान अंगावर घ्यायचे.

आता वॉटचं वेगळेपण. टेक्सन्स तेव्हा ३-४ पद्धतीने खेळायचे, म्हणजे पुढे तीन लाईनमन आणि मागे चार लाईनबॅकर. या पद्धतीत पुढच्या तिघांनी सॅक करायचे नसतातच, त्यांनी समोरच्या दोन-दोन जणांना अडकवून ठेवायचं आणि मागून लाईनबॅकरने येऊन मलई खायची, असा रिवाज. त्या जागेवरून या माणसाने २०१२ मध्ये २०.५ सॅक काढले, आणि २०१४ मध्ये परत २०.५. दोन वेगवेगळ्या सीझनमध्ये वीसच्या वर जाणारा तो पहिलाच. याचं थोडं श्रेय तेव्हाचे डिफेन्सचे कोच वेड फिलिप्स यांनाही द्यायला हवं, त्यांनी याला 'जागा धरून उभा राहा' असं न सांगता सरळ घुसायची मोकळीक दिली.

आणि क्वार्टरबॅकपर्यंत पोचता नाही आलं तर उडी मारून हवेतच बॉलला थापड मारायचा. २०१२ मध्ये असे १६ पास त्याने अडवले. लाईनमनसाठी हा आकडा अफाट आहे.

दादरकर

आता कळलं. धन्यवाद. कबड्डीत मात्र रेडरला सोडवायला त्याची टीम आत येत नाही हो, त्यामुळे तुलना जरा ढिलीच आहे, पण चालेल.

पिट्सबर्गचा_पंत

धागाकर्त्याचा आदर राखून असहमती. याच काळात अ‍ॅरन डोनाल्ड नावाचा माणूस खेळत होता. आमच्या पिट्सबर्गचा पोरगा, इथेच जन्मला, इथल्याच युनिव्हर्सिटीत खेळला. डिफेन्सिव्ह टॅकल म्हणजे भिंतीच्या अगदी मधोमध खेळणारा, जिथे गर्दी सर्वात जास्त. त्याचेही तीन किताब, २०१७, २०१८, २०२०. दहा सीझन खेळला आणि दहाही वेळा प्रो बाउलला, म्हणजे लीगमधल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंमध्ये, निवडला गेला. २०१८ मध्ये त्याचेही २०.५ सॅक. उंची जेमतेम सहा फूट एक इंच, सगळे म्हणायचे या जागेसाठी बुटका आहे, म्हणून २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू उचलतात तो कार्यक्रम) तेराव्या नंबरपर्यंत पडून राहिला.

आणि अंगठीचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२२ चा सुपर बाउल बघा. डोनाल्डची टीम रॅम्स २३, सिनसिनाटी बेंगल्स २०. शेवटच्या मिनिटात बेंगल्सना चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा होता, फक्त एक, आणि डोनाल्डने त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याला असा घट्ट धरून गरगर फिरवला की त्याने कसाबसा बॉल भिरकावला आणि तो खाली पडला, मॅच खलास. मोठा खेळाडू तोच जो त्या एका क्षणाला येतो. वॉटवर तो क्षण कधी आलाच नाही यात त्याचा दोष नसेलही, पण मग त्याला डोनाल्डच्या वर बसवू नका.

केटीकर

@पंत, डोनाल्डबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण तुम्हीच म्हणताय क्षण आलाच नाही. मग जो क्षण आलाच नाही त्याचे मार्क कापायचे कसे? डोनाल्डच्या टीममध्ये त्या वर्षी क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड होता, कूपर कप होता, पलीकडून वॉन मिलर आणून ठेवला होता. वॉटच्या दहा वर्षांत टेक्सन्सनी क्वार्टरबॅक किती बदलले ते मोजायला बसलो तर जेवण थंड होईल.

मृण्मयी_मॅडिसन

मी विस्कॉन्सिनमध्ये राहते त्यामुळे मला त्याच्या ह्यूस्टनच्या आधीचं जास्त जवळचं वाटतं, ते कोणी लिहिलंच नाहीये म्हणून लिहिते.

हा मिलवॉकीजवळच्या पीवॉकी गावातला. वडील फायरब्रिगेडमध्ये. तीन भाऊ, जे. जे. सगळ्यात मोठा, मग डेरेक, मग टी. जे., आणि तिघेही पुढे एनएफएलमध्ये खेळले. शाळा संपल्यावर जे. जे. सेंट्रल मिशिगनला गेला तो स्कॉलरशिपवर, आणि गंमत म्हणजे डिफेन्स नाही, टाईट एंड म्हणून, म्हणजे पास झेलणारा. २००७ च्या पूर्ण सीझनमध्ये त्याने आठ पास झेलले. तिथे त्याला पुढे काही दिसेना. मग त्याने काय केलं तर फुकटचं शिक्षण सोडलं आणि विस्कॉन्सिनला 'वॉक-ऑन' म्हणून आला. वॉक-ऑन म्हणजे स्कॉलरशिप नाही, फी घरच्यांनी भरायची, आणि टीममध्ये घेतील याचीही खात्री नाही. मधल्या काळात तो गावातच पिझ्झा हटचे पिझ्झे घरोघरी पोचवत होता. त्यानेच सांगितलेली गोष्ट आहे, एका घरी लहान मुलाने दार उघडलं आणि विचारलं की तू जे. जे. वॉट ना, मग तू पिझ्झा का देतोयस? पोराला शाळेतला हिरो आठवत होता.

विस्कॉन्सिनला पहिलं वर्ष नियमाप्रमाणे मॅच खेळताच आली नाही, नुसती प्रॅक्टिस. आणि तिथे तो डिफेन्सला आला. तीन वर्षांनी, २०११ मध्ये, पहिल्या राऊंडमध्ये अकराव्या नंबरला टेक्सन्सनी उचलला. मला हा माणूस आवडतो तो या मधल्या वर्षासाठी. हातातली स्कॉलरशिप सोडायला जे लागतं ते वीस सॅक काढण्यापेक्षा कमी नाही असं मला वाटतं. आपल्याकडे कुठल्या आईबापांनी हो म्हटलं असतं?

केटीकर

मृण्मयीताई, फार छान लिहिलंत. त्यात पुढची भर घालतो. ड्राफ्टच्या रात्री ह्यूस्टनमध्ये टेक्सन्सच्या चाहत्यांची पार्टी होती आणि याचं नाव पुकारल्यावर लोकांनी चक्क हुर्यो उडवली होती! लोकांना दुसरंच कोणीतरी हवं होतं.

आणि त्याच सीझनच्या शेवटी, जानेवारी २०१२, टेक्सन्सच्या इतिहासातली पहिली प्लेऑफ मॅच. टीम २००२ मध्ये सुरू झाली, नऊ वर्षं प्लेऑफचं तोंड बघितलं नव्हतं. सिनसिनाटीविरुद्ध १०-१० बरोबरी, हाफ संपायला मिनिटभर शिल्लक. त्यांचा क्वार्टरबॅक अँडी डाल्टनने बॉल फेकला, वॉट समोर चार पावलांवर उभा, त्याने हात वर केले आणि पास अडवायच्या ऐवजी सरळ झेलला आणि २९ यार्ड पळत जाऊन टचडाऊन (बॉल घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जाणं, याचे सहा पॉईंट)! १३० किलोचा माणूस. ३१-१० जिंकलो. ज्यांनी हुर्यो उडवली त्यातलेच किती जण दुसऱ्या दिवशी ९९ ची जर्सी घ्यायला गेले असतील.

शेखर७१

मी ह्यूस्टनमध्ये नव्वदच्या दशकापासून आहे. इथे एक नाव कोणीच घेत नाहीये याचं आश्चर्य वाटतं. हकीम ओलाजुवान! १९९४ आणि १९९५, लागोपाठ दोन एनबीए (बास्केटबॉलची लीग) विजेतेपदं. नायजेरियातून इथे आला, युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टनला शिकला, रॉकेट्सकडून सतरा सीझन खेळला. तोही डिफेन्सचा बादशहा, एनबीएमध्ये सर्वात जास्त ब्लॉक त्याच्याच नावावर आहेत. तेव्हा या शहराला खेळात कायम तोंडघशी पडायची सवय होती आणि हकीमने ती मोडली. 'शहराला मिळालेला सगळ्यात मोठा खेळाडू' हे वाक्य केटीकर, तुम्ही मागे घ्या.

वॉट चांगलाच आहे. माझा मुलगा त्याचा भक्त आहे. पण जिंकणं आणि चांगलं खेळणं यात फरक राहणारच.

पिट्सबर्गचा_पंत

शेखरकाकांना +१

खोडकर_बाळू

आता हकीम विरुद्ध जे. जे. सामना लावा, मैदान मात्र कुठलं घ्यायचं? वाळवंटातली कबड्डी चालेल का 😀

ओवी_ह्यूस्टन

शेखरकाका, हकीमबद्दल वादच नाही. पण तुम्ही २०१७ ला इथे होतात ना?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. त्या वर्षी गणेश चतुर्थी होती २५ ऑगस्टला आणि त्याच रात्री हार्वी चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्याला धडकलं. वादळ पुढे सरकेचना. काही ठिकाणी पन्नास इंचांच्या वर पाऊस, चार-पाच दिवसांत. आमच्याकडे मूर्ती बसलेली, मोदक झालेले, आणि रस्ते बंद. मंडळाच्या ग्रुपवर आरतीच्या वेळांऐवजी कोणाच्या घरात पाणी शिरलंय, कोणाकडे होडी आहे, कोणाच्या वरच्या मजल्यावर अजून दोन कुटुंबं मावतील हेच चाललं होतं. पश्चिमेकडच्या लोकांच्या घरात तर पाऊस थांबत आला तेव्हा पाणी आलं, कारण धरणं तुडुंब भरल्यामुळे पाणी सोडावं लागलं. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने गणपती माळ्यावर नेला आणि विसर्जन घराच्या पायरीवरच केलं.

टेक्सन्सची टीम त्या दिवशी न्यू ऑर्लिन्सला सराव मॅच खेळायला गेलेली, परत येता येईना म्हणून डॅलसला अडकलेली. तिथून वॉटने फोनवर व्हिडिओ काढला, स्वतःचे एक लाख डॉलर टाकले आणि लोकांना म्हणाला की दोन लाख जमवू. दोन लाख! काही तासांत झाले. मग पाच लाख म्हणाला, मग दहा, मग तो रोज आकडा वाढवत गेला आणि रोज तो आकडा मागे पडत गेला. शेवटी तीन कोटी सत्तर लाख डॉलरच्या वर गेलं. दोन लाखांहून जास्त लोकांनी दिले. आमच्याकडच्या शाळेतल्या मुलांनी पाच-पाच डॉलर दिलेले मला माहीत आहेत. आणि टेनेसी टायटन्सच्या मालकीणबाईंनी दहा लाख दिले. त्यांचे वडील म्हणजे ज्यांनी ह्यूस्टनची जुनी ऑईलर्स टीम उचलून टेनेसीला नेली तेच, ज्यांचं नाव इथे जुने लोक अजून दातओठ खाऊन घेतात.

नुसता व्हिडिओ करून थांबला नाही. ट्रक भरून सामान आणलं आणि स्वतः उभा राहून वाटलं. आणि पैसे एकदम उधळले नाहीत, घरं बांधणाऱ्या, औषधं पुरवणाऱ्या, अन्न वाटणाऱ्या संस्था निवडून त्यांच्याकडे दिले आणि एका वर्षाने काय काय झालं त्याचा हिशेब लोकांपुढे ठेवला. सहाशेच्या वर घरं दुरुस्त किंवा नव्याने बांधली, अडीच कोटींच्या वर जेवणं. सार्वजनिक पैशाचा असा हिशेब मागता येतो आणि देता येतो हे माझ्या मुलांनी त्या वेळी बघितलं.

म्हणून केटीकर म्हणतात ते मला पटतं. हकीमने शहराला ट्रॉफी दिली. पण ज्या आठवड्यात शहर पाण्याखाली होतं त्या आठवड्यात आम्ही ज्याच्या तोंडाकडे बघत होतो तो हा होता.

शेखर७१

ओवी, होतो मी इथेच. आमच्याही गराजमध्ये पाणी आलं होतं. तू म्हणतेस त्यातलं एक अक्षर खोटं नाही. पण ती माणूस म्हणून थोरवी झाली. मी खेळाडू म्हणून बोलतोय. दोन्हीची बेरीज करायची का, हा माझा प्रश्न आहे.

सह्याद्री_भटका

करायची. का नाही करायची? त्या जर्सीमुळेच लोकांनी पैसे दिले ना. शेजारच्या कोणीतरी व्हिडिओ टाकला असता तर दोन लाखसुद्धा जमले नसते. विश्वास खेळातूनच कमावला होता.

डॉ_किमया

माझा रस जरा वेगळा आहे. मी हाडांची डॉक्टर आहे आणि या माणसाची मेडिकल हिस्टरी म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांना शिकवायला एक पूर्ण सेमिस्टर पुरेल.

२०१६ मध्ये मणक्याच्या चकतीचं ऑपरेशन, सीझन सुरू होऊन तीन मॅच झाल्या आणि तेच परत, दुसरं ऑपरेशन. २०१७ मध्ये, म्हणजे ओवीने लिहिलेल्या पुरानंतर दीड महिन्याच्या आतच, टिबियल प्लेटो फ्रॅक्चर. नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग असतो ज्यावर गुडघा टेकतो, तोच मोडला. हे मोटारसायकलच्या अपघातात दिसणारं फ्रॅक्चर आहे. सगळ्यांनी ठरवलं होतं की आता संपला. २०१८ मध्ये परत आला आणि सोळाच्या सोळा मॅच खेळून १६ सॅक काढले! मला त्याच्या तिन्ही किताबांपेक्षा हा सीझन मोठा वाटतो.

पुढे २०१९ मध्ये छातीचा मोठा स्नायू हाडापासून सुटला. ऑक्टोबरच्या शेवटी. सर्वसाधारण माणसाला मी सहा महिने तरी वजन उचलू देत नाही. हा सव्वादोन महिन्यांत प्लेऑफ खेळायला उतरला. २०२१ मध्ये खांदा निखळला आणि आतलं जवळपास सगळंच फाटलं, आणि नशीब बघा, ते झालं टेक्सन्सविरुद्धच्या मॅचमध्ये. तेव्हा तो अ‍ॅरिझोनाकडे होता. त्यातूनही त्याच सीझनच्या प्लेऑफला परत.

आणि २०२२ मध्ये हृदय. अ‍ॅट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे वरचे कप्पे ठेक्यात आकुंचन न पावता नुसते थरथरतात. औषधाने किंवा विजेचा शॉक देऊन ताल परत आणता येतो. त्याला बुधवारी झालं, गुरुवारी शॉक दिला, रविवारी मॅच खेळला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती हे खरं आणि वैद्यकीयदृष्ट्या ते चूक म्हणता येत नाही. बायको तेव्हा गरोदर होती. बातमी फुटणार हे कळल्यावर त्याने स्वतःच जाहीर केलं आणि मॅचनंतर पत्रकारांसमोर रडला.

आसावरी_डी

@डॉ_किमया, तुमची पोस्ट वाचून माझ्या पोटात गोळा आला. कारण माझा मुलगा आठवीत आहे, टेक्सासमध्ये, आणि त्याला पुढच्या वर्षी हायस्कूलच्या टीमला ट्राय करायचंय, डिफेन्सच! खोलीत ९९ चं पोस्टर. इथे तुम्ही सगळे कौतुक करताय की मोडला तरी परत आला, फाटलं तरी परत आला. हे मुलांनी शिकायचं का? दुखलं तर बसायचं असतं हे कोण शिकवणार त्यांना? मला खरंच विचारायचंय, चिडून नाही.

डॉ_किमया

आसावरी, चिडूनही विचारलंस तरी चालेल, प्रश्न रास्तच आहे. हाडं, स्नायू भरून येतात. मला काळजी डोक्याची वाटते. पिट्सबर्गमध्ये २००२ मध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी माईक वेब्स्टर या माजी खेळाडूच्या मेंदूचं शवविच्छेदन केलं तेव्हापासून सीटीई हा शब्द या खेळाला चिकटला. वारंवार डोकं आदळून मेंदूची हळूहळू होणारी झीज. ज्युनियर सेऊ नावाचा एक अप्रतिम लाईनबॅकर होता, वीस सीझन खेळला, २०१२ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी त्याने जीव दिला, त्याच्याही मेंदूत हेच सापडलं. आणि वाईट भाग असा की माणूस जिवंत असताना याचं पक्कं निदान अजून करता येत नाही. तोल जाऊन बेशुद्ध पडावं इतका मोठाच मार लागतो असंही नाही, रोजच्या प्रॅक्टिसमधले लहान लहान धक्केही साठत जातात.

मी तुझ्या जागी असते तर कोचला तीन गोष्टी विचारल्या असत्या. आठवड्यात प्रत्यक्ष अंगावर अंग आदळणारी प्रॅक्टिस किती वेळ, मॅचला ट्रेनर हजर असतो का, आणि डोक्याला लागलं तर परत खेळू द्यायचा निर्णय कोण घेतं. उत्तरात टाळाटाळ झाली तर मुलाला घेऊन घरी यायचं.

मृण्मयी_मॅडिसन

आसावरी, अजून एक. वॉट भावंडं लहानपणी आईस हॉकी खेळायची, जे. जे. ने बरीच वर्षं हॉकी खेळली, शाळेत गोळाफेक करायचा. एकाच खेळाला जुंपलेला नव्हता. आठवीच्या मुलाला हे सांगून बघ. गोळाफेकीत कोणी अंगावर येत नाही.

आसावरी_डी

गोळाफेक! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या शाळेत ट्रॅक अँड फील्ड आहे. दोघींचेही मनापासून आभार, कोचला विचारायचे प्रश्न लिहून ठेवलेत.

निमिष_प

मूळ विषयाकडे येतो. २०१४ बद्दल कोणी नीट लिहिलंच नाही. त्या वर्षी किताबाच्या मतदानात ५० पैकी ५० मतं याला. एकमताने असं आधी कधीच झालं नव्हतं. आणि २०.५ सॅकबरोबर पाच टचडाऊन! एक बफेलोविरुद्ध पास चोरून ८० यार्ड पळत, एक सुटलेला बॉल उचलून, आणि तीन चक्क ऑफेन्सला उतरून पास झेलून. मृण्मयीताईंनी लिहिलेला तो सेंट्रल मिशिगनचा टाईट एंड इथे कामी आला.

तरी त्या वर्षी लीगचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यांत मिळून सर्वोत्तम खेळाडू, झाला क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स. ३१ मतं विरुद्ध १३. डिफेन्सच्या खेळाडूला एमव्हीपी शेवटचं मिळालं ते १९८६ मध्ये लॉरेन्स टेलरला आणि त्याच्या आधी १९७१ मध्ये अ‍ॅलन पेजला. बास, दोघंच. पाच टचडाऊन आणि वीस सॅक करूनही मिळत नसेल तर डिफेन्सवाल्याने अजून काय करायचं? आपल्याकडेही पोस्टर बॅट्समनचंच लागतं म्हणा. शेखरकाका, अंगठीचा निकष लावताना हेही बघा की या खेळात डिफेन्सचा माणूस अर्धा वेळ बाहेर बाकावर बसून आपला क्वार्टरबॅक काय दिवे लावतोय ते बघत असतो. हकीम दोन्हीकडे खेळायचा. बास्केटबॉलमध्ये पाचात एक आणि इथे बावीसात एक, एका माणसाच्या हातात किती असतं हा फरक धरायलाच हवा.

पिट्सबर्गचा_पंत

हा मुद्दा मान्य. म्हणूनच डोनाल्डच्या अंगठीतही स्टॅफर्डचा वाटा आहे हे केटीकरांचं म्हणणं मी आता स्वीकारतो. पण मधोमध खेळून ते आकडे काढणं, ते माझं कायम. आणि एक आठवण करून देतो, जानेवारी २०२२ च्या प्लेऑफमध्ये खांदा शिवून परत आलेल्या वॉटच्या अ‍ॅरिझोनाला ३४-११ असं धुतलं ते आमच्या डोनाल्डच्या रॅम्सनीच, आणि तिथून ते सुपर बाउललाच गेले.

शिवाय धाकटा टी. जे. आमच्या स्टीलर्सकडेच आहे. २०२१ मध्ये त्याने २२.५ सॅक काढून मायकल स्ट्रॅहनच्या एका सीझनच्या विक्रमाची बरोबरी केली. तेव्हा वॉट घराण्याशी माझं काही वैर नाही हो. सप्टेंबर २०२० मध्ये तिघे भाऊ एकाच मॅचमध्ये खेळले, डेरेक आणि टी. जे. आमच्याकडून, जे. जे. तुमच्याकडून. कोविडमुळे स्टेडियम रिकामं होतं आणि आईवडिलांना पोरांचा हा दिवस समोर बसून बघता आला नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दादरकर

ह्यूस्टन सोडलं का मग त्याने? पैशासाठी?

केटीकर

नाही दादरकर. २०१४ मध्येच सहा वर्षांचा दहा कोटी डॉलरचा करार झाला होता. २०२० मध्ये टीमची वाताहत झाली, १६ पैकी ४ मॅच जिंकल्या. सीझन संपल्यावर मैदानातून आत जाताना त्याने तरुण क्वार्टरबॅकची माफी मागितली की तुझं एक वर्ष आम्ही वाया घालवलं. कॅमेऱ्यात आलंय ते. वय ३१, पुन्हा नव्याने टीम बांधायला वेळ नव्हता. त्याने मालकांना विनंती केली की मला मोकळं करा आणि त्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये केलं. कोणी कोणावर चिखल उडवला नाही.

अ‍ॅरिझोनात गंमत झाली. ९९ नंबर तिथे मार्शल गोल्डबर्ग या चाळीसच्या दशकातल्या खेळाडूच्या सन्मानार्थ कायमचा बंद करून ठेवलेला. गोल्डबर्ग यांच्या मुलीने आनंदाने परवानगी दिली तेव्हा याला तो घालता आला. शेवटच्या सीझनला १२.५ सॅक, म्हणजे उतरंडीला लागून नाही, हातात दम असताना थांबला. २०२३ मध्ये टेक्सन्सनी त्याला बोलावून स्टेडियममध्ये त्याचं नाव कायमचं लावलं, तेही स्टीलर्सविरुद्धच्या मॅचला.

शेखर७१

निमिषचा बावीसात एक हा मुद्दा मला पटला. अंगठीवरून खेळाडू मोजायचा तर कसोटी सांघिक खेळाप्रमाणे बदलायला हवी, हे ठीक आहे. त्यामुळे 'अंगठी नाही म्हणून महान नाही' हे मी म्हणणार नाही. पण ह्यूस्टनचा पहिला नंबर हकीमच. दुसरा जे. जे. बेसबॉलवाला नोलन रायन तिसरा. जुन्या ऑईलर्सच्या अर्ल कॅम्बेलला कुठे बसवायचं यावर पाहिजे तर वेगळा धागा काढा.

ओवी_ह्यूस्टन

काका, मला चालेल. पण माझ्या यादीत पहिले दोन उलटे.

केटीकर

माझ्याही. हॉल ऑफ फेमसाठी (या खेळातल्या थोरांचा कायमचा सन्मान) निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे त्याचं नाव २०२८ मध्ये पहिल्यांदा मतदानाला येईल. पहिल्याच फेरीत जाईल यावर इथे कोणाचं दुमत असेल असं वाटत नाही. पंत?

पिट्सबर्गचा_पंत

अजिबात दुमत नाही. डोनाल्ड त्याच्या पाठोपाठ एका वर्षाने.

दादरकर

एवढं वाचल्यावर एखादी मॅच बघावीशी वाटतेय. एकच सांगा. आणि नवीन सीझनच्या मॅचेस आपल्याकडे किती वाजता दिसतात?

निमिष_प

रविवारच्या दुपारच्या मॅचेस आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. जुन्यांपैकी एकच म्हणाल तर ४ जानेवारी २०२० ची बफेलोविरुद्धची प्लेऑफ. डॉक्टरांनी लिहिलेली छातीच्या स्नायूनंतरची पहिली मॅच. टेक्सन्स ०-१३ मागे, तिसरा क्वार्टर, बफेलो अगदी दारात आलेले, आणि वॉट त्यांचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनला पाडतो. टचडाऊनच्या ऐवजी त्यांना तीन पॉईंटवर भागवावं लागलं. तो एक सॅक झाला आणि स्टेडियम जागं झालं, शेवटी ओव्हरटाइममध्ये २२-१९ जिंकलो. पुढच्या आठवड्यात कॅन्सस सिटीविरुद्ध २४-० पुढे असताना ५१-३१ हरलो ती मात्र बघू नका.

दादरकर

बफेलोचीच बघतो शनिवारी. बाळूलाही बोलावतो, वडापाव त्याच्याकडे लागला.

खोडकर_बाळू

येतो. पण चटणी तुमच्याकडची, आणि सॅक झाला की मला ढोसून सांगा.